वडील होममध्ये आहेत आणि दर रविवारची भेट जड जातेय. मर्यादा घालायच्या म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, काही निसटलं असेल तर सांगा. वडील 79 वर्षांचे, नाशिकरोडला प्रेसमधून निवृत्त. आई गेल्यावर दोन वर्षं जेल रोडच्या फ्लॅटमध्ये एकटे राहिले. मग बाथरूममध्ये पडले. तुम्ही आणि ठाण्याच्या बहिणीने मिळून त्यांना गंगापूर रोडच्या बाजूला एका सीनिअर होममध्ये ठेवलं, त्याला आता पाच महिने झाले. तुम्ही पुण्याहून दर रविवारी येता. सकाळी सहाला निघायचं, चाकण पार होईपर्यंत जीव नकोसा होतो, पोचायला अकरा वाजतात. आत पाऊल टाकलं की पहिलं वाक्य, "मला घरी ने." मग तक्रारी: जेवण, तिथे देखभाल करणाऱ्या मावशी, फ्लॅटच्या किल्ल्या. शेजारच्या खोलीतल्या काकांसमोर "आमच्या चिरंजीवांनी आणून टाकलंय इथं". दिवसाला दहाबारा फोन, त्यातला एक हमखास रात्री अकरानंतर. सोमवार-मंगळवार तुमचं कामात लक्ष लागत नाही. बायको म्हणते काहीतरी मर्यादा घाल, आणि तुम्ही विचारता, बापाला भेटण्यावर मर्यादा घालणारा मुलगा कसला?

मी मेडिकल सोशल वर्कर आहे. नाशिकमध्ये 22 वर्षं हेच काम करते. सुरुवातीची काही वर्षं हॉस्पिटलात गेली, नंतरची सगळी होममध्ये राहणारी मंडळी आणि त्यांची मुलं यांच्या मधल्या जागेत. तुमचा प्रश्न मला महिन्यातून चारपाच वेळा तरी ऐकू येतो, आणि जवळजवळ प्रत्येक जण शेवटचं वाक्य तुमच्यासारखंच म्हणतो.

'मर्यादा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुंपण येतं, आणि कुंपणाच्या पलीकडे आपलाच बाप उभा दिसतो. म्हणून हात मागे येतो. पण तुमचं वर्णन वाचताना मला दुसरंच दिसलं. या भेटीत काहीच ठरलेलं नाही. तुम्ही किती वाजता येणार, किती वेळ थांबणार, पुन्हा कधी येणार, यातलं बाबांना काही ठाऊक नसतं. त्यामुळे आठवडाभराचं सगळं ते पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या अंगावर टाकतात. तुम्हालाही ठाऊक नसतं, म्हणून तुम्ही सहन होईल तोवर ऐकता, मग आवाज चढतो आणि घाट लागेपर्यंत स्वतःला कोसत बसता. जो माणूस 35 वर्षं पाळीच्या वेळेवर जगला, त्याच्यासाठी असं बेवारशी वेळापत्रक फार वाईट. मी ज्याला मर्यादा म्हणते ते एवढंच: मी किती देणार हे आधी सांगायचं, आणि सांगितलं तेवढं चुकू द्यायचं नाही. दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधी बघू. तुमच्या बाबांची स्मरणशक्ती कशी आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर निम्मं उत्तर बदलतं. होममध्ये जायचा निर्णय त्यांना विचारून झाला होता, की हॉस्पिटलातून डिस्चार्ज मिळाल्यावर परस्पर तिकडे गाडी वळली? हे विचारतेय ते दोष द्यायला नाही. अनेकदा दुसरा मार्गच नसतो. पण परस्पर झालं असेल तर त्यांचा राग खरा आहे, आणि तो ऐकून घ्यावा लागेल. एकदा, नीट बसून, मधे स्वतःची बाजू न मांडता. आणि पाच महिने ही अजून रुळण्याचीच वेळ आहे. काही जण सहा आठवड्यांत स्थिरावतात, काहींना वर्ष लागतं, काही कधीच मनापासून रुळत नाहीत, नुसते सवयीचे होतात.

मर्यादांच्याही आधी एक काम आहे. डॉक्टर. वागण्यात अचानक फरक पडला असेल, म्हणजे महिन्याभरापूर्वी असं नव्हतं आणि आता आहे, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं तर ताप येईलच असं नाही, कधीकधी आधी डोकं भरकटतं. रक्तातलं सोडियम कमी झालं तर तेच. नाशिकमध्ये निम्म्या घरांना आता 'सोडियम' हा शब्द तोंडपाठ आहे, तरी वेळेवर आठवत नाही. थायरॉइड, बी-12, साखर खाली जाणं, रात्रीची नवी सुरू झालेली गोळी, हे सगळं एकदा बघून घ्या. कानही तपासा. एक आजोबा "सगळे माझ्याविषयी कुजबुजतात" म्हणून रोज भांडायचे. त्यांच्या श्रवणयंत्राची बॅटरी दोन महिने कुणी बदलली नव्हती. आणि झोप उडाली आहे, भूक गेली आहे, रोज दाढी करणारा माणूस दाढी करत नाही, असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा रडत येत नाही, चिडचिडीच्या रूपात येतं.

तो रात्री अकराचा फोन. तुम्ही त्याबद्दल त्रागा केलाय, मला त्यात कुतूहल वाटलं. ते त्या फोनवर बोलतात काय? एका होममध्ये असेच रोज रात्री फोन करणारे गृहस्थ होते. मुलाला वाटायचं मुद्दाम छळतात. मी त्यांच्या खोलीत संध्याकाळी जाऊन बसले. साडेनऊला पॅसेजचे दिवे बंद झाले, आणि पलंगापासून बाथरूमपर्यंतची सातआठ पावलं पूर्ण अंधारात. त्यांना उठायची भीती वाटायची, ती कबूल करायची लाज वाटायची, मग मुलाला फोन लावून "सहज केला" म्हणायचे. एक नाइट लॅम्प आणि बाथरूमच्या दाराशी एक पकडायचा दांडा, एवढ्यावर फोन थांबले. तुमचे बाबा बाथरूममध्येच पडले होते. म्हणून म्हणते, फोनला मर्यादा घालायच्या आधी एकदा अंधारात ती खोली बघा.

हे सगळं तपासूनही दिवसाचे फोन उरले, तर त्यांना वेळ बांधायची. "बाबा, रोज रात्री साडेआठला माझा फोन येईल. दिवसा मी मीटिंगमध्ये असतो, उचलणार नाही. काही झालं तर बेलचं बटण दाबा, इथल्या ऑफिसमधून मला लगेच कळतं." आणि होमच्या ड्युटीवरच्या सिस्टरचा नंबर वेगळ्या रिंगटोनवर ठेवा, म्हणजे बाबांचा फोन न उचलतानाही छातीत धस्स होणार नाही. पहिले दोन आठवडे फोन वाढतील. वाढतातच. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती अशी: आठ फोन उचलायचे नाहीत आणि नवव्याला कळवळून उचलायचा. यातून माणूस शिकतो काय, तर नऊ वेळा करावा लागतो. दुसरी चूक म्हणजे साडेआठचा फोन आपणच विसरणं. एक दिवस विसरलात की आठवड्याची कमाई गेली. फोनवर बोलायचं काय, असा प्रश्न पडतो. तब्येत आणि जेवण दोन मिनिटांत संपतं. पावसाळ्यात नाशिककराला विषय कमी नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं आणि पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, एवढ्यावर तुमचे बाबा तुम्हालाच दहा मिनिटं माहिती देतील. त्यांना बोलू द्या. सांगणारा माणूस तक्रार करत नाही.

आता रविवार. दर रविवारी पुणे-नाशिक-पुणे म्हणजे चारशे किलोमीटरच्या वर. हे तुम्ही वर्षभर रेटू शकणार नाही, आणि एखाद्या दिवशी अचानक तुटाल. मी तुम्हाला एक आड एक रविवार सुचवेन, मधला रविवार बहिणीचा. ठाण्याहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस धरली की दहाच्या आसपास नाशिकरोड, संध्याकाळी परत. तिला जमत नसेल तर मधल्या रविवारी व्हिडिओ कॉल, पण तोही ठरलेल्या वेळेला. भावंडांनी हे आपसांत आधी ठरवावं. बाबांसमोर "तू का नाही येत, मीच का" ही चर्चा झाली की त्यांना आपण ओझं आहोत एवढंच ऐकू येतं.

किती वेळ थांबायचं? तुम्ही चारपाच तास थांबता, कारण एवढ्या लांबून आलोय तर लगेच कसं निघायचं. पण पहिल्या दीड तासानंतर बहुतेक भेटी उतरणीला लागतात, हे मी शेकडो भेटींत पाहिलंय. दोघंही थकतात. माणूस थकला की जुनं उकरून काढतो. दीड तास नीट भेटा, मग नाशिकमध्येच कुठेतरी जेवा, मित्राला भेटा, आणि मग परतीला लागा. वाईट वाटून घेऊ नका. सकाळची वेळ तुम्हाला जमतेय ते चांगलंच. संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला, अनेक म्हाताऱ्या माणसांचा जीव कासावीस होतो, आणि विसरण्याचा आजार असेल तर गोंधळ अनेकदा वाढतो.

आणि भेटीत समोरासमोर बसू नका. खोलीत एक खुर्ची, एक पलंग, मधे काही नाही, दोघं एकमेकांकडे बघतायत. यात भांडणाशिवाय दुसरं काय होणार? हाताला काम ठेवा. माझं आवडतं काम म्हणजे पायाची नखं. सत्तरीनंतर अनेकांना वाकून नखं कापता येत नाहीत, जाड होतात, बोटात रुततात, आणि होममध्ये हे काम मागे पडतं. बादलीत कोमट पाणी घ्यायचं, पाय दहा मिनिटं बुडवून ठेवायचे, टॉवेलवर घ्यायचे, बोटांमधली जागा कोरडी करायची, मग हळूहळू कापायची. सरळ कापायची, कोपऱ्यात खोल जायचं नाही. मधुमेह असेल आणि पायाला बधिरपणा असेल तर तुम्ही कापू नका, नुसते पाय धुऊन तेल लावा, तेही बोटांच्या बेचक्यात नको. या वेळात टाच, घोटा, करंगळीची बाजू सगळं तुमच्या नजरेखालून जातं. जखम असेल तर दिसते. आणि डोळ्याला डोळा न भिडता बाप मुलाशी बोलतो. एका मुलाला त्याच्या वडिलांनी आईच्या शेवटच्या रात्रीबद्दल पहिल्यांदा सांगितलं ते असे पाय पाण्यात असताना.

नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला असतो, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. ते काम तुम्ही परस्पर उरकू नका, त्यांच्यासोबत बसून करा. पासबुकच्या नोंदी त्यांना तपासायला द्या. तुमच्यासाठी ती पाच मिनिटांची कटकट आहे. त्यांच्यासाठी ते आठवड्यातलं एकमेव काम असू शकतं ज्यात त्यांना कुणी विचारलं.

"मला घरी ने." यावर मुलं बहुतेक वेळा दोनपैकी एक करतात. एक तर मुद्दे मांडतात: बाबा, तुम्ही पडलात, तिथे कोण आहे, मी पुण्याला. किंवा वेळ मारून नेतात: बघू पुढच्या महिन्यात. पहिल्याने भांडण होतं. दुसऱ्याने काय होतं ते मी स्वतः केलंय, म्हणून सांगते.

माझ्या सासूबाई खुब्याच्या ऑपरेशननंतर काही महिने एका होममध्ये होत्या. त्या दर भेटीत विचारायच्या, घरी कधी? मी, या क्षेत्रातली जाणकार बाई, एकदा कंटाळून म्हणाले, "दिवाळीला नेते." दिवाळीच्या तोंडावर आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. फोन करून सांगायचं धाडस झालं नाही. आज दुरुस्त होईल, उद्या होईल असं करत राहिले. शेवटी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन गेले. त्या पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर बॅग, केस विंचरलेले, पायात बाहेरच्या चपला. मावशी म्हणाल्या, वसुबारसेपासून रोज सकाळी अशाच बसतात, दुपारी आत नेतो. मला काही बोलल्या नाहीत. "डबा आत ठेव, चहा घे" म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी घरी ने असं कधीच म्हटलं नाही, आणि मी कितीतरी दिवस समजत होते की त्या रुळल्या.

तेव्हा "बघू" नको. स्मरणशक्ती ठीक असेल तर खरं बोला, छोटं बोला, आणि दर वेळी तेच बोला. "बाबा, तुम्हाला घरची आठवण येते हे मला कळतं. मलाही येते. सध्या राहायचं इथंच आहे." बस. कारणं त्यांना माहीत आहेत. तिसऱ्यांदा विचारलं तर, "बाबा, याचं उत्तर मी दिलंय. चला, पाय पाण्यात घाला." यात आवाज चढवायचा नाही आणि अपराधी चेहराही करायचा नाही. दुसरं जास्त अवघड.

विसरण्याचा आजार असेल तर मात्र हे उत्तर चालत नाही. एक आजी रोज संध्याकाळी घरी जायचं म्हणायच्या. मुलीने एकदा त्यांना खरंच आपल्या इंदिरानगरच्या घरी आणलं. आजी स्वतःच्या सोफ्यावर बसल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "चला आता, घरी जाऊ." त्यांचं घर येवल्याचं होतं, लहानपणचं, हातमागाची खटखट ऐकू येणारं. ते साठ वर्षांपूर्वी पडलंय. अशा माणसाला "हेच तुमचं घर" म्हणून पटवायला जाऊ नका. घरी कोण कोण आहे, विचारा. अंगण होतं का? त्यांना तिथं थोडा वेळ राहू द्या.

किल्ल्यांचं माझं मत कदाचित तुम्हाला पटणार नाही. फ्लॅटच्या किल्लीचा एक जोड त्यांना द्या. ते फ्लॅटवर जाणार नाहीत, जाऊ शकणारही नाहीत. होमच्या गेटवर रजिस्टर असतं, एकट्याला सोडत नाहीत; तेवढी खात्री मात्र करून घ्या. किल्ली म्हणजे त्यांच्यासाठी पुरावा, की घर अजून आहे. मी हे आतापर्यंत पाचसहा जणांना करायला लावलंय. किल्ली कपाटात टॉवेलखाली गेली आणि तो विषय संपला. मात्र फ्लॅट विकायचा की भाड्याने द्यायचा, हा विषय भेटीच्या दिवशी काढायचा नाही, त्यांनी काढला तरी नाही. "बाबा, पैशांचं आपण पंधरा तारखेला बोलू, ताईपण असेल." आणि पंधरा तारखेला खरंच बोला, कागद समोर ठेवून. उद्या रागाच्या किंवा मायेच्या भरात त्यांनी तुमच्या नावे बक्षीसपत्र करायचं ठरवलं तरी घाई करू नका. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत फिरवता येते. वकिलाला विचारून, बहिणीला बसवून करा.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर "मुलगा कसला" याबद्दल एक बोलते. त्या कायद्यानुसार पालकांच्या निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार येतात, आणि ते मिळत नसतील तर पालक प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. तुम्ही हे सगळं करताय. दिवसाचे बारा फोन उचलणं त्यात कुठेच येत नाही.

होमबद्दलच्या तक्रारी. सगळ्या खोट्या नसतात आणि सगळ्या तुम्हीच सोडवायच्या नसतात. भाजी अळणी आहे, पोळी वातड आहे, टीव्हीवर शेजारचे काका मालिकाच लावतात, हे ऐकून घ्यायचं. "हो, रोज तेच म्हटल्यावर कंटाळा येणारच." तोडगा काढायला धावायचं नाही. गिझर चालत नाही, चष्मा हरवला, कपडे दुसऱ्याच्या कपाटात गेले, हे वहीत लिहायचं आणि मॅनेजरशी आठवड्यातल्या कामाच्या दिवशी फोनवर बोलायचं. रविवारी बाबांसमोर मावशींना झापायचं नाही. बारा तासांची ड्युटी करणारी ती बाई सोमवारी त्यांच्याजवळ असणार आहे, तुम्ही नसणार. मी तर म्हणते, तिचं नाव विचारा, मुलं काय शिकतात विचारा.

पण काही गोष्टींना मर्यादा नाही, आणि इथे मी कडक आहे. दंडावर किंवा मनगटावर बोटांसारखे वळ. माकडहाडावर, टाचेवर लाल झालेली किंवा फुटलेली कातडी. दोनतीन महिन्यांत सैल झालेली पॅन्ट. गोळ्यांच्या पाकिटात उरायला नको होत्या एवढ्या गोळ्या. एखादा विशिष्ट मामा किंवा मावशी खोलीत आली की बाबा बोलायचे थांबणं. यातलं काही दिसलं तर ठरलेला रविवार विसरा. मधल्या दिवशी, न सांगता, जेवणाच्या वेळेला जा. वजनाची नोंद आणि औषधांचा तक्ता मागा, फोटो घ्या, लेखी तक्रार द्या. 14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथेही बोलता येतं. वृद्ध माणूस "कटकट्या" ठरला की त्याची खरी तक्रारही कुणी ऐकत नाही, याची मला कायम भीती वाटते.

काकांसमोरचा "टाकलंय इथं". तिथे स्वतःचा बचाव करू नका, तुमचं ऐकायला ते काका न्यायाधीश नाहीत. म्हणा, "बाबा, हे ऐकून मला वाईट वाटतं. मी खाली जाऊन दहा मिनिटांत चहा घेऊन येतो." आणि दहाव्या मिनिटाला चहा घेऊन परत या. परत येणं महत्त्वाचं. पुन्हा तेच सुरू झालं, शिव्यांवर गेलं, तर भेट त्या दिवशी तिथेच थांबवायची. दार आपटायचं नाही. "आज आपण दोघंही तापलोय. मी आता निघतो. 22 तारखेला सकाळी अकराला आहे." मी पाहिलेल्यांपैकी बऱ्याच मुलांना हे दोनदा, फार तर तीनदा करावं लागलं. काहींचे वडील आयुष्यभर तसेच होते आणि शेवटपर्यंत तसेच राहिले, हेही खरं. अशा वेळी भेट पाऊण तासाची ठेवा आणि सोबत कुणाला तरी न्या.

जाता जाता त्या काकांबद्दलच. त्यांचा मुलगा परदेशात असला तर हळूहळू तुमच्या हातात त्यांचीही यादी येईल. पेपर, बॅटरी, मग तंबाखू, मग एखादी गोळी. पेपर आणा. तंबाखू, खाण्याचे पदार्थ, औषध आणायचं नाही. कुणाला काय पथ्य आहे तुम्हाला माहीत नसतं. "काका, ते ऑफिसमधून मागवा" एवढं हसून म्हणता येतं. एका मुलीने दुसऱ्याच आजींना मायेने पेढे दिले होते, रात्री त्यांची साखर चारशेच्या वर गेली.

बाहेर नेणं चांगलंच. पण पहिल्या काही वेळा जेल रोडच्या रस्त्याने नको. सकाळी सोमेश्वरला, नाही तर मिसळ खायला. तिखट झेपत नसेल तर दही जास्त. निघतानाच परतीची वेळ सांगायची आणि जेवणाच्या घंटेआधी आत पोचायचं, म्हणजे आत शिरताना पंगतीची घाई असते आणि निरोप लांबत नाही.

निरोपाबद्दल मुद्दाम शेवटी बोलते, कारण तुमची सगळी भेट तिथे फिसकटते असं तुम्ही लिहिलंय. आपण निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. आपल्यासाठी ती रीत आहे. होममधल्या खोलीत बसलेला माणूस मात्र तो शब्द जसाच्या तसा ऐकतो, आणि तुम्ही लिहिलंय तसं विचारतो, "येतो येतो म्हणतोस, कधी?" त्या वेळी तुम्ही गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभे असता, मन चाकणला पोचलेलं असतं, आणि तोंडातून निघतं "बघतो, कळवतो."

या रविवारी येताना एक कालनिर्णय आणा, एक जाड लाल पेन, नेलकटर आणि फ्लॅटच्या किल्लीचा दुसरा जोड. पोचल्यावर आधी सांगा, साडेबाराला निघणार आहे. निघायच्या पंधरा मिनिटं आधी पुन्हा सांगा. मग उठा, कॅलेंडर काढा आणि पेन त्यांच्या हातात द्या. पुढच्या तारखेला गोल त्यांनीच करू दे, त्यांच्याच अक्षरात 'सकाळी 11' लिहू दे. हात थरथरत असेल तर थांबा, पेन काढून घेऊ नका. मग येतो म्हणा. आणि चाकणला अडकलात, अकराचे साडेअकरा होणार असं दिसलं, तर साडेदहालाच गाडी बाजूला घेऊन फोन करा.